कंडेन्सरच्या नळ्या बदलायच्या की आख्खं बंडल? गेलेला व्हॅक्यूम परत येईल का?

टीटीडी_त्रस्त

नमस्कार मंडळी,

दोनशे मेगावॅटच्या घरातला, कोळशावरचा, आता वयस्क म्हणावा असा संच आहे. एफिशियन्सीचं काम माझ्याकडे. कंडेन्सर (टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं थंड करून पुन्हा पाणी करणारा) दोन पासचा, म्हणजे थंड पाणी एकदा जाऊन परत येतं; नळ्या ॲडमिरल्टी ब्रासच्या, एक इंची, १८ गेज. पाणी कूलिंग टॉवरचं. नऊ टक्क्यांच्या आसपास नळ्या प्लग झाल्यात, म्हणजे बूच मारून बंद केल्यात, आणि दर शटडाऊनला त्यात भर पडतेच. मागच्या एडी करंट तपासणीत (नळीची झीज विद्युत प्रवाहाने शोधतात ती) आणखी एक गोष्ट दिसली: नळ्यांना मध्ये आधार देणाऱ्या सपोर्ट प्लेटला लागून, नळीच्या बाहेरच्या अंगाला, गोल चर पडल्यासारखी झीज. तीही सगळीकडे नाही, मुख्यतः एअर कूलिंग झोनमध्ये, म्हणजे जिथून हवा बाहेर ओढली जाते त्या भागात.

पूर्ण लोडचे आकडे असे:

डिझाइन: पाणी आत ३० अंश, बाहेर ३९, बॅकप्रेशर (कंडेन्सरमधला दाब; तो कमी तितका व्हॅक्यूम चांगला) ६५ मिमी पारा, निरपेक्ष.
सध्या: पाणी आत ३२, बाहेर ४२.५, बॅकप्रेशर ९७ मिमी.

पुढच्या मोठ्या ओव्हरहॉलमध्ये काहीतरी करायचं हे नक्की झालंय. काय करायचं यावर मात्र तीन तोंडं तीन दिशांना. मेंटेनन्सचं म्हणणं, आहे तोच ब्रास पुन्हा भरा, माणसांना त्याची सवय आहे. साहेबांच्या डोक्यात टायटॅनियम बसलंय. ते भरलं की व्हॅक्यूम डिझाइनला येईल आणि सहा-सात मेगावॅट वर मिळतील असं ते मीटिंगमध्ये बोलूनही बसलेत. आणि एक पुरवठादार सांगतोय की नळ्यांच्या मागे लागूच नका, नळ्यांचं जुनं बंडल कापून काढा आणि ट्यूबशीटसकट (नळ्यांची टोकं जिच्यात बसतात ती प्लेट) नवी मॉड्यूल्स आत सरकवा.

मला कागदावर शिफारस द्यायची आहे. सहा-सात मेगावॅटवर सही करायला हात धजत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हॉटवेलकर

हात धजत नाही ते बरोबरच आहे. मी कंडेन्सरच्या कामातच केस पांढरे केले, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी चर्चा धातूपासून सुरू झालेली पाहिली. धातू शेवटी ठरवा. आधी ३२ मिमी गेले कुठे ते बघू. तुम्ही दिलेल्या सहा आकड्यांतच ते सापडतात.

६५ मिमीला वाफेचं सॅचुरेशन तापमान (त्या दाबाला वाफेचं पाणी होतं ते) ४३ अंश, ९७ मिमीला ५१. म्हणजे टीटीडी, हे तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक, डिझाइनला ४ होता, आज साडेआठ आहे. पाण्याची तापमानवाढ ९ वरून साडेदहावर गेली. एकूण फरक ८ अंशांचा. त्यातले २ येणाऱ्या पाण्याचे, दीड तापमानवाढीचे, साडेचार टीटीडीचे. आता याच क्रमाने वर चढत मिमीत मोजा. ४३ वरून ४५ ला गेलात की ६५ चे ७२ होतात. तिथून साडेसेहेचाळीसला ७८ च्या जवळ. उरलेले १९ मिमी टीटीडीच्या नावावर. सॅचुरेशनची रेषा वर जावं तशी चढी होत जाते, म्हणून शेवटचे अंश महाग पडतात.

पहिले ७ मिमी कूलिंग टॉवरचे. जगातली कुठलीही नळी ते परत आणणार नाही. फिल (टॉवरमध्ये पाणी पसरवणारे थर), नोझल, पंखे यांच्यासाठी वेगळा कागद काढा.

पुढचे ६ मिमी पाण्याच्या प्रवाहाचे. तेवढीच उष्णता ९ ऐवजी साडेदहा अंशांत उचलली जातेय म्हणजे प्रवाह ८६ टक्क्यांवर आलाय. पंप झिजलाय का, इनलेट ट्यूबशीटवर टॉवरच्या फिलचे तुकडे आणि शेवाळ चिकटलंय का, डिस्चार्ज व्हॉल्व्ह पूर्ण उघडतोय का, हे बघा. प्लग केलेल्या नळ्याही प्रवाह थोडा अडवतातच.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक प्लांटमध्ये कुणीतरी म्हणतंच की "पाणी कमी आहे म्हणून टीटीडी वाढलाय." गणित तसं सांगत नाही. प्रवाह ८६ टक्के झाला की वेगाबरोबर उष्णता-संक्रमणाचा गुणांक घटतो, पण पाणी नळीत जास्त वेळ राहतं. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. तुमच्या आकड्यांवर करून पाहिलं: नळ्या डिझाइनइतक्याच चांगल्या असत्या तर या कमी प्रवाहालाही टीटीडी ४.१ च्या आसपासच आला असता. तो साडेआठ आहे. उलटा हिशोब केला तर कंडेन्सरची क्षमता, म्हणजे गुणांक गुणिले क्षेत्रफळ, या प्रवाहाला हवी त्याच्या ६३ टक्केच उरलीय.

नऊ टक्के नळ्या प्लग आहेत, म्हणजे क्षेत्रफळ ९१ टक्के. ६३ ला ९१ ने भागा, ६९ येतात. म्हणजे प्लगचा वाटा छोटा. मोठी घट, जवळजवळ एकतीस टक्के, ही नळीच्या आतल्या घाणीची नाहीतर नळीभोवती साचलेल्या हवेची. घाण असेल तर नीट सफाईवर बरंच सुटेल. हवा असेल तर टायटॅनियम भरूनही ती तिथेच राहील, नव्या चकचकीत नळ्यांभोवती हवेची गोधडी पांघरून.

दोन्ही वेगळी कशी करायची? लोड ६० टक्क्यांवर आणा, सीडब्ल्यू पंप (थंड पाणी फिरवणारे) आहेत तेवढेच ठेवा, तासभर स्थिर होऊ द्या आणि टीटीडी काढा. फक्त घाण असेल तर टीटीडी लोडच्या प्रमाणात उतरतो, तुमच्याकडे ५ च्या आसपास यायला हवा. हवा असेल तर तो तितका उतरत नाही. कमी लोडला टर्बाइनचा आणि हीटरांचा (बॉयलरला जाणारं पाणी तापवणाऱ्या) आणखी भाग वातावरणाच्या दाबाखाली जातो आणि हवा उलट जास्त शिरते. मग स्टँडबाय व्हॅक्यूम पंप लावून बघा. बॅकप्रेशर उतरलं तर एअर एक्स्ट्रॅक्शन अपुरं पडतंय हे उघड आहे.

हे करा, आकडे टाका. धातूचं मग बोलू.

शिफ्टवाली

हॉटवेलकर काकांनी हिशोब मांडलाय, मी पॅनलच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

एक. वॉटर बॉक्सचे, म्हणजे नळ्यांच्या टोकांशी असलेल्या पाण्याच्या पेट्यांचे, व्हेंट शेवटचे कधी उघडले? आउटलेट वॉटर बॉक्सच्या माथ्यावर सायफनमुळे दाब वातावरणापेक्षा कमी असतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा तिथे सुटते आणि साचते. प्रायमिंग (ती हवा काढून पाणी पूर्ण भरणं) नीट नसेल तर वरच्या ओळींतल्या नळ्यांत पाणीच पोचत नाही. त्या प्लग नसतात, एडी करंटमध्ये ठणठणीत दिसतात, आणि काम शून्य. आमच्याकडे गेजग्लासमध्ये पाण्याची पातळी वॉटर बॉक्सच्या माथ्यापासून चांगली हातभर खाली दिसायची आणि लॉगबुकात मात्र शिफ्टमागून शिफ्ट "नॉर्मल" लिहिलेलं असायचं.

दोन. व्हॅक्यूम पंप लिक्विड रिंग (पाण्याच्या फिरत्या कड्याने हवा ओढणारा) असेल तर त्याच्या सील वॉटरचं तापमान बघा. सील वॉटर कूलरच चोक झाला तर पंप स्वतःच्याच पाण्याची वाफ ओढत बसतो, कॅव्हिटेशनचा खडखडाट येतो, आणि आपण कंडेन्सरला शिव्या देतो. आज तुम्ही ५१ अंशांवर आहात म्हणून हे कदाचित जाणवणार नाही. पण कंडेन्सर सुधारून ४३ ला आलात आणि सील वॉटर चाळिशीला असलं तर नव्या नळ्यांचा फायदा हाच पंप अडवेल. कंडेन्सरच्या प्रस्तावात सील वॉटर कूलर घाला, नंतर कुणी देत नाही!

हवा शोधायची तर हीलियम लीक टेस्ट. मेणबत्ती आणि साबणाचा फेस ठीक आहे, पण एलपी ग्लँडपाशी (कमी दाबाच्या टर्बाइनच्या शाफ्टच्या सीलपाशी) काही कळत नाही. आधी फवारा एलपी हूडच्या रप्चर डायफ्रामवर (दाब वाढला की फाटणारा पडदा), मग टर्बाइन आणि कंडेन्सरमधल्या एक्स्पान्शन जॉइंटवर, कंडेन्सेट पंपाच्या ग्लँडवर, आणि हॉटवेलच्या (कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, जमतं तो तळ) लेव्हल स्टँडपाइपच्या बारक्या व्हॉल्व्हांवर. व्हॅक्यूम ब्रेकरचं वॉटर सील भरलेलं आहे ना, हे तर हीलियमशिवायही दिसतं.

टीटीडी_त्रस्त

दोघांचेही मनापासून आभार. चाचण्या झाल्या.

६० टक्के लोडला टीटीडी ७ आला, ५ नाही. पूर्ण लोडला स्टँडबाय पंप लावल्यावर बॅकप्रेशर ४ मिमीने उतरलं. आउटलेट वॉटर बॉक्सचा व्हेंट उघडला तर हवा किती वेळ फुसफुसत राहिली! गेजग्लासची नळी गढूळ होती, ती बदलल्यावर पातळी खाली आहे हे दिसलं. हीलियममध्ये डायफ्राम आणि एका एलपी हीटरच्या व्हेंट लाइनचा फ्लँज सापडला. फ्लँज आवळला. डायफ्राम शटडाऊनला बदलू.

थोडक्यात हवाही आहे आणि घाणही. तोडलेल्या एका नळीत पांढरट, खरखरीत थर आहे, नख लावलं तर पापुद्रा निघतो. आता धातूचं विचारू का? साहेब टायटॅनियमवर ठाम आहेत.

हॉटवेलकर

आता विचारा.

नळीची भिंत किती अडवते ते आधी बघू. सव्वा मिलिमीटरचा ॲडमिरल्टी ब्रास, वाहकता ११० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. अर्धा मिलिमीटर टायटॅनियम, वाहकता २१-२२. ०.७ मिमी स्टेनलेस ३०४, वाहकता १५-१६. जाडीला वाहकतेने भागलं तर टायटॅनियमची भिंत ब्रासच्या दुप्पट अडवते, स्टेनलेसची चौपट. ऐकायला भयंकर वाटतं, पण एकूण अडथळ्यात भिंतीचा वाटाच लहान असतो. प्रत्यक्षात स्वच्छ नळीला टायटॅनियममुळे ३-४ टक्के आणि स्टेनलेसमुळे दहाच्या आसपास फटका बसतो. म्हणजे निव्वळ उष्णता-संक्रमणासाठी टायटॅनियम घेणं हा युक्तिवादच उलटा आहे. ते घ्यायचं ते टिकाऊपणासाठी.

आणि तो पांढरट थर? चुन्याच्या क्षाराचा ०.१ मिमी थर अख्ख्या ०.७ मिमी स्टेनलेसच्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता अडवतो. त्यामुळे बॉल क्लीनिंग (नळ्यांतून रबरी गोळे फिरवून सफाई) बसवा, नाहीतर निदान दर संधीला स्क्रेपर मारा, आणि पाण्याच्या केमिस्ट्रीकडे बघा. हे केलं नाही तर धातू कुठलाही असो, थोड्याच काळात पुन्हा इथेच धागा काढाल.

ब्रास पुन्हा भरायला मात्र मी विरोध करेन, कारण तुम्ही सांगितलेले ते चर. तो अमोनिया ग्रूव्हिंगचा नमुना आहे. एअर कूलिंग झोनमध्ये कंडेन्सेट थंड होतं, त्यात अमोनिया आणि ऑक्सिजन दोन्ही एकवटतात, आणि ते पाणी सपोर्ट प्लेटवरून ओघळत नळीला नेमकं प्लेटलगत खातं. त्यातून सुटलेलं तांबं बॉयलरमध्ये आणि एचपी (जास्त दाबाच्या) टर्बाइनच्या ब्लेडांवर जाऊन बसतं. तिथे गेलेले मेगावॅट कंडेन्सरच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

टॉवरचं पाणी आहे, समुद्राचं नाही. क्लोराइड बेताचे असतील तर ३०४ किंवा ३१६ चालेल. पण एक अट: शटडाऊनला पाणी साचवून ठेवायचं नाही. काढायचं आणि नळ्या वाळवायच्या. गाळाखाली, साचलेल्या पाण्यात स्टेनलेसला भोकं पडतात. ही शिस्त पाळली जाणार नसेल तर साहेबांचं टायटॅनियम बरोबर आहे.

नळीकाम

मी नळ्या बसवणाऱ्यांच्या बाजूचा. वरचं सगळं मान्य, पण कागदावर "ब्रास काढून टायटॅनियम" ही एक ओळ असते आणि खाली उतरल्यावर तिची दहा होतात.

जुन्या सपोर्ट प्लेटांमधलं अंतर १८ गेज ब्रासच्या हिशोबाने ठेवलेलं असतं. टायटॅनियमची लवचिकता ब्रासच्या जवळपास आणि भिंत निम्म्याहून पातळ, त्यामुळे तेवढ्याच अंतरात नळी जास्त थरथरते. वाफेच्या तोंडाशी असलेल्या बाहेरच्या ओळी एकमेकींवर घासून भोकं पडतात, आणि ती पहिल्या काही महिन्यांतच. दोन प्लेटांच्या मधोमध स्टेक (नळ्यांमध्ये अडकवायच्या आधारपट्ट्या) घालावे लागतात. त्याचं गणित पुरवठादाराकडून लेखी मागा. "आम्ही नेहमी घालतो" एवढ्यावर सोडू नका. बायपासची वाफ आणि हीटरांचे ड्रेन जिथे कंडेन्सरमध्ये पडतात, तिथल्या ओळींना जाड भिंतीच्या नळ्या घ्या.

ट्यूबशीट जुनी मुंट्झ मेटलची (पितळेचाच एक प्रकार) ठेवणार असाल तर टायटॅनियमच्या संगतीत ती वेगाने खाल्ली जाते. इपॉक्सीचं आवरण आणि कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेच्या साहाय्याने गंज रोखणं) लागतं. पण प्रोटेक्शन अति झालं तर टायटॅनियम हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं. कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.७५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. वॉटर बॉक्समध्ये लोखंडाच्या संरक्षणासाठी आधीचं प्रोटेक्शन चालू असेल तर ते तसंच ठेवणं धोक्याचं आहे, त्याची सेटिंग पुन्हा करावी लागते.

जुन्या नळ्या ओढून काढताना ट्यूबशीटच्या भोकांत उभे ओरखडे पडतात. नळी कितीही रोल करा, त्या ओरखड्यातून गळतं. प्रत्येक भोक बोटाने आणि गेजने तपासायचं, मगच नळी आत. रोलिंगला टॉर्कवर बंद होणारं यंत्र हवं. हाताच्या अंदाजाने अर्ध्या मिलिमीटरची भिंत फाटते.

आणखी एक, जे नेहमी राहून जातं. तुमचा कंडेन्सर वर एलपी एक्झॉस्टला वेल्ड केलेला आणि खाली स्प्रिंगांवर बसलेला असेल. ब्रासच्या नळ्या काढून अर्धा मिमी टायटॅनियम घातलं की नळ्यांचं वजन साधारण पाचवा हिस्सा उरतं. स्प्रिंगा पुन्हा सेट केल्या नाहीत तर कंडेन्सर एलपी केसिंगला खालून ढकलतो, आणि बेअरिंगचं अलाइनमेंट का हललं म्हणून टर्बाइनवाले डोकं खाजवत बसतात. फ्लड टेस्टला (वाफेच्या बाजूला पाणी भरून गळती बघतात ती) कंडेन्सरखाली जॅक लावायलाही विसरू नका.

मॉड्यूलबद्दल: ट्यूबशीट खराब असेल, किंवा बंडलची मांडणीच अशी असेल की वाफ मध्यापर्यंत पोचत नाही आणि हवा कोपऱ्यात अडकते, तर मॉड्यूलला पर्याय नाही. टायटॅनियम ट्यूबशीटला कारखान्यातच वेल्ड केलेल्या नळ्या येतात, तो दर्जा साइटवर मिळत नाही. पण कंडेन्सरसमोरची भिंत, कॉलम आणि पाइप बाजूला करून तेवढं मोठं धूड आत सरकवायला जागा आहे का, हे आधी टेप घेऊन मोजा. आमची एक ऑफर एका केबल गॅलरीपायी बारगळली होती.

टीटीडी_त्रस्त

स्प्रिंगांचं खरंच कुणाच्या डोक्यात नव्हतं. आहेत आमच्याकडे. ट्यूबशीट मात्र शाबूत आहे आणि समोर क्रेनचा खांब आहे, म्हणजे मॉड्यूलचा विषय जवळजवळ मिटला.

दोन शेवटचे प्रश्न. मेगावॅट किती लिहू? आणि तांबं गेलं की फीडवॉटरचा (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा) पीएच वाढवता येईल ना? केमिस्टचा तोच हट्ट आहे.

हॉटवेलकर

१९ मिमी कंडेन्सरचे आहेत. १० मिमीला एक टक्का हा ढोबळ हिशोब धरला तर २०० वर चारच्या आत-बाहेर. तोही सगळा मिळेल असं नाही, कारण पातळ भिंतीचा फटका वजा व्हायचा आहे. ढोबळ आकडा कागदावर लिहू नका. तुमच्या टर्बाइनचा बॅकप्रेशर करेक्शन कर्व्ह काढा आणि ९७ ते ७८ या पट्ट्यात वाचा. या पट्ट्यात फायदा मिळायला हरकत दिसत नाही. थंड पाण्याच्या दिवसांत मात्र कर्व्ह सपाट होतो. शेवटच्या ब्लेडांतून वाफ चोक झाली की व्हॅक्यूम कितीही वाढवा, मेगावॅट हलत नाही, उलट कंडेन्सेट विनाकारण थंड होतं. वर्षभराचा फायदा मोजताना ते महिने वगळा. पाण्याच्या प्रवाहाचे ६ मिमी वेगळ्या ओळीत दाखवा, पंपाचं काम झालं तरच मिळणार असं लिहून. टॉवरचे ७ दाखवूच नका.

पुरवठादाराकडून हमी मेगावॅटवर घेऊ नका. मेगावॅटमध्ये टर्बाइन, बॉयलर, कोळसा सगळं मिसळतं, आणि वाद झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ठरलेल्या इनलेट तापमानाला, ठरलेल्या प्रवाहाला आणि उष्णताभाराला बॅकप्रेशर किती, यावर हमी घ्या आणि चाचणी एएसएमई पीटीसी १२.२ (कंडेन्सरच्या चाचणीची संहिता) प्रमाणे करा. त्यासाठी प्रवाह खरा मोजला गेला पाहिजे. पंपाच्या कर्व्हवरून काढलेला प्रवाह पुरवठादार मान्य करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. आजची, कामाआधीची चाचणी त्याच पद्धतीने करून सही-शिक्क्यानिशी ठेवा.

पीएचचं: एलपी हीटरच्या नळ्या कशाच्या आहेत ते बघा. त्या ब्रासच्या किंवा क्युप्रोनिकेलच्या (दोन्हींत तांबं) असतील तर कंडेन्सर टायटॅनियमचा करूनही फीडवॉटरमध्ये तांबं आहेच, आणि केमिस्टला ९ च्या आसपासच थांबावं लागेल. हीटरही स्टेनलेसचे झाले की मग ९.२ ते ९.६ मध्ये खुशाल चालवा.